पेटीतले कागद आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



अशा समारंभात पाहुण्याने विद्यार्थ्यांना डॉक्टर व्हा, इंजिनीअर व्हा असे सांगावे, हा रिवाज आहे. ते तुम्ही व्हालच, इन्शाअल्लाह. मी आज वेगळ्या विषयाकडे तुमचे लक्ष वेधू इच्छितो. गावोगावी चालणारी इतिहास मंडळे काय करतात आणि त्यांच्या कामात आपला वाटा किती, हा तो विषय होय.

धुळ्याचे उदाहरण घ्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट करून जुने कागद जमविले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे २२ खंड काढले. पहिला खंड १८९८ साली निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यातही त्यांचा पुढाकार होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. धुळेकरांनी नुसती शोकसभा घेऊन समाधान मानले नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे केले. राजवाड्यांचे दप्तर सांभाळले, मूर्ती व नाणी जमविली, ‘संशोधक’ नावाचे नियतकालिक चालविले. मोठे विद्यापीठ नसलेल्या गावाने हे केले, ही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

अशा मंडळांचे काम साधे असते. व्याख्याने ठेवायची, जुन्या वस्तूंचे प्रदर्शन मांडायचे, मुलांना किल्ला किंवा शिलालेख दाखवायला न्यायचे, मोडी लिपीचे वर्ग घ्यायचे. अशा कार्यक्रमांना आपली मुले किती जातात? पालकहो, हा प्रश्न मी तुम्हाला विचारतो. ‘तो आपला विषय नव्हे’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. खरोखरच नव्हे काय?

त्याच धुळे जिल्ह्यात तापीकाठी थाळनेर आहे. खानदेशावर सुमारे दोनशे वर्षे राज्य केलेल्या फारुकी घराण्याचे मकबरे तेथे उभे आहेत. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि ते राज्य संपले. खानदेशातल्या किती मुलांनी हे मकबरे पाहिले असतील?

भाषेचे पाहा. मुलांच्या पाठीवरचे दप्तर, त्यातला कागद, लेखणीतली शाई, हे तिन्ही शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. आपल्या संस्थेचे चिटणीस हेही मुळात ‘चिठ्ठीनवीस’. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ साली असे शब्द जमवून फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या उपयोगाची एक गंमत सांगतो. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मोडी कागदांवर पुष्कळदा सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. समजा, कागदावर ‘खमस सबैन अलफ’ असे आहे. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. सन झाला १०७५. हा सन मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे, म्हणजे इसवी सन १६७४ येतो. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, म्हणजे १६७५. तुमच्या बरोबरीच्या मुलांना हे शब्द पाठ करावे लागतात. मदरशात अरबी आकडे शिकलेल्याला ते ओळखीचेच वाटतील. मोडीची अक्षरे तेवढी शिकायची राहतात. पुण्याचे मंडळ आणि राज्य शासनाचा पुराभिलेख विभाग त्यासाठी वर्ग घेतात. मोडी वाचणारे थोडे, फारसी वाचणारे त्याहून थोडे आणि दोन्ही वाचणारे तर फारच थोडे आहेत. ही रिकामी जागा तुमची वाट पाहत आहे.

आता पालकांना एक विनंती. काझी, खतीब, मुजावर, मुलाणी अशा कित्येक घराण्यांत सनदा, इनामपत्रे, निकाहाच्या नोंदवह्या जुन्या पेटीत पडून असतात. घर पाडताना किंवा वाटण्या होताना त्या रद्दीत जातात, उरल्या तर वाळवी खाते. कागद गेला की घराण्याचा साक्षीदार गेला. मूळ कागद कोणाला देऊन टाका असे मी म्हणत नाही. जाणकाराला दाखवा, छायाचित्र घेऊ द्या, कागद आपल्याच घरी ठेवा. त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये पक्का बंद करू नका. स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. कागद नसतील तर घरची वडीलधारी माणसे आहेत. आपले लोक कोठून आले, कोणता धंदा करीत, दुष्काळात कसे जगले, हे नानीजवळ, दादाजवळ बसून मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. माणूस गेल्यावर विचारायचे कोणाला?

‘तुम्ही मूळचे कुठले?’ असा प्रश्न आपल्या मुलांना कधी कधी ऐकावा लागतो. त्यावर रागावून उपयोग नाही. दोनशे वर्षांपूर्वी याच गावच्या पांढरीत आपल्या पूर्वजाचे नाव लिहिलेले आहे, हे दाखविणारा कागद शांतपणे पुढे ठेवता आला पाहिजे. तो कागद गावच्या इतिहासात नोंदला गेला की तो सर्व गावाचा होतो.

मात्र एक पथ्य पाळावे लागेल. कागद जे सांगेल ते मान्य करायचे. तो आपल्या आजोबांची थोरवी सांगेल, तसे त्यांचे भांडणतंटेही सांगेल. सोयीचे तेवढे ठेवून गैरसोयीचे फाडणारा, मग तो कोणत्याही समाजाचा असो, इतिहासाचा मित्र नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी: आपल्या शाळेने दरवर्षी एक दिवस ‘घरातले जुने कागद आणि वस्तू’ यांचे प्रदर्शन भरवावे, गावातल्या सर्व समाजांना त्याचे निमंत्रण द्यावे आणि नववी-दहावीच्या पाच-दहा मुलामुलींना तरी मोडीच्या वर्गाला पाठवावे. याला मोठा निधी लागत नाही. पुढच्या संमेलनात त्यांतल्या एखाद्या मुलीने आपल्याच घराण्याचा कागद या व्यासपीठावर वाचून दाखवावा, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.