अंगावरील फोड आणि आपल्या समजुती
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. जन्मभर मुलांना शिकविणारा शिक्षक. तथापि माझ्या वडील भगिनीस ‘पेम्फिगस’ नामक व्याधी जडली, तेव्हा डॉक्टरांकडून जे समजले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

रोगजंतूंशी झुंजण्यासाठी आपल्या रक्तात प्रतिद्रव्ये असतात. या रोगात ती आपल्याच कातडीवर उलटतात. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारी जी प्रथिने, त्यांवरच ती घाला घालतात. मग विटांमधला चुना झडावा तशा पेशी सुट्या होऊन फोड येतात. रोग्यांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये असतात, हे १९६४ साली बॉयटनर व जॉर्डन या अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले.

आरंभ पुष्कळदा तोंडात होतो, आणि तेथेच आपण फसतो. तोंड आले, उष्णता झाली, म्हणून गुलकंद आणि सब्जा! भगिनीचे चार महिने यातच गेले. पुढे अंगावर लुळे फोड येतात, सहज फुटतात व जागा ओली राहते. वृद्धांत आढळणाऱ्या ‘बुलस पेम्फिगॉइड’मध्ये मात्र फोड टणक असतात, त्यापूर्वी कित्येक दिवस नुसती खाजच सुटते. फोडाच्या कडेची व लगतची कणभर कातडी तपासली म्हणजे निदान पक्के होते.

हा रोग स्पर्शाने होत नाही. तरीही आप्तांपैकी काहींनी भगिनीचे ताट निराळे केले, कुष्ठाची कुजबूज उठली आणि भाचीच्या विवाहाची बोलणी मोडली. फोडांहून हेच तिला अधिक झोंबले.

स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रोगी दगावत. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पसरिचा यांनी दर २८ दिवसांनी सलग ३ दिवस शिरेतून मोठी मात्रा देण्याची पद्धत रूढ केली. २०१८ साली अमेरिकेत रिटुक्सिमॅब या औषधास पेम्फिगससाठी मान्यता मिळाली; आपल्याकडेही ते वापरतात, पण खर्च जड पडतो. स्टेरॉइडने मधुमेह बळावतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग चटकन होतो; म्हणून डॉक्टरांची नजर हवी. मात्र बरे वाटताच गोळ्या एकाएकी बंद करणे फार धोक्याचे. त्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच हळूहळू उतरवाव्या लागतात. तोंडातील व्रण ३ आठवड्यांत भरले नाहीत, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात दाखवावे.