सहा हजार किलोंचा संसार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेसाठी ‘अपरिग्रह’ हा विषय आम्ही मागून घेतला, तेव्हा एका स्नेह्यांनी शंका काढली की, उत्सवाच्या दिवसांत घरातल्या वस्तू कमी करा असे सांगणारा वक्ता कोणाला रुचेल? शंका रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगतो, कोणाला संन्यासाचा उपदेश करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. पाठीवर बिऱ्हाड घेऊन देशभर हिंडणाऱ्या संसारी माणसांशीच आम्हांला बोलायचे आहे.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली झाली की घरसामान नेण्याचा खर्च सरकार देते. २०१७ च्या आदेशांनी वेतनस्तर ४ पर्यंतच्या कर्मचाऱ्यांना १,५०० किलो, स्तर ५ ला ३,००० किलो आणि स्तर ६ पासून वर ६,००० किलो अशी मर्यादा घातली. दोन्हीकडे जेवणारी तोंडे तेवढीच, झोपायला लागणारी जागाही तेवढीच; परंतु पद वाढले की संसाराचे वजन चौपट होऊ शकते, हे नियमानेच गृहीत धरले आहे. यात नियमाचा दोष नाही. मर्यादा ही मुभा असते. तिलाच आपण उद्दिष्ट मानतो, ही खरी अडचण आहे. मग एका गावी बांधलेले खोके दुसऱ्या गावी न उघडताच माळ्यावर चढते आणि तिसऱ्या गावी तसेच उतरते. असे एखादे खोके आपल्यांपैकी बहुतेकांच्या घरी निघेल.

अपरिग्रह हा शब्द आपल्याला नवा नाही. पतंजलींच्या योगसूत्रांतील पाच यमांत तो शेवटचा आहे आणि जैनांच्या पाच महाव्रतांतही त्याला स्थान आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी त्याचा संबंध अस्तेयाशी, म्हणजे चोरी न करण्याशी, जोडला. गरजेवाचून साठवलेली वस्तू ज्याला तिची गरज आहे त्याच्यापासून दूर राहते, हा त्यामागचा विचार. अर्थात ज्याच्या घरी मुळातच थोडे आहे, त्याला हे व्रत सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ते भरल्या घरांसाठी आहे.

परंतु अपरिग्रह म्हणजे वस्तूंचा तिटकारा, असे समजण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांकडे स्वतःचे म्हणावे असे काय होते? अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक गाडगे. याच पुरुषाने पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. धर्मशाळेला विटा लागतात, चुना लागतो, भांडीकुंडी लागतात. बाबांना वस्तूंचे वावडे नव्हते. वस्तू अनेकांच्या उपयोगी पडावी आणि तिच्यावर आपले नाव नसावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

दुसरे उदाहरण पुण्याच्या दिनकर केळकरांचे. दिवे, अडकित्ते, दौती असल्या घरगुती वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या. वरवर पाहता हा अपरिग्रहाच्या अगदी उलट प्रकार. तथापि १९७५ साली त्यांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, म्हणून तो आज कोणालाही पाहता येतो. तोच संग्रह कुलपात राहिला असता, तर वारसांत वाटला जाऊन कधीच पांगला असता.

आता आपल्या घरांकडे वळू. गावाकडचे घर मोडले की तिकडून पत्र येते: काय हवे ते घेऊन जा. आपण पाटा आणतो, जाते आणतो, तांब्याचा बंब आणतो. वस्तू गेली तर गावाशी असलेला धागाच तुटेल, ही त्यामागची भीती आम्ही जाणतो. तिला हसण्याचे कारण नाही. परंतु बैठकीच्या खोलीत फुलदाणीचा चौरंग झालेल्या जात्यापासून मुलांना एकही ओवी येत नाही. ज्या पळीने रोज आमटीला फोडणी पडते, ती आजीची आहे हे मात्र मुले विसरत नाहीत.

मराठी पुस्तकांचे तर याहून कठीण आहे. आपल्यामागे ती कोणाच्या हाती पडणार? मुले परगावी, नातवंडांना देवनागरी वाचता येते पण मराठी समजत नाही. मग दारी कबाडी येतो आणि आपले उभ्या आयुष्याचे वाचन तराजूत घालून किलोच्या भावाने घेऊन जातो. हा दोष मुलांचा म्हणता येणार नाही. निवड आपण करायची होती. ती त्यांच्यावर सोपवून गेलो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वाडवडिलांची एकच वस्तू ठेवावी, पण ती वापरावी; आणि ती कोणाची, कोठली, हे चार ओळींत लिहून ठेवावे. पुस्तके आपल्या हयातीत, आपल्या हातांनी मंडळाच्या ग्रंथालयाला द्यावीत. पंचवीस पानांना पुरतील अशी पातेली, पराती, सतरंज्या घरोघरी कशाला? मंडळात एक संच असला की गणेशोत्सवाला आणि लग्नामुंजींना पुरतो. जुने कागद, विशेषतः मोडीतले, मात्र जाणकाराला दाखवल्यावाचून रद्दीत घालू नयेत. अशा दप्तरांचा सांभाळ करण्यासाठी १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आहे.

येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक घराने माळ्यावरचे ते न उघडलेले खोके खाली काढावे, आणि ते उघडताना मुलांना जवळ बसवावे. कोणती वस्तू कोणाला द्यायची, हे त्यांच्यासमक्ष ठरवावे. तेवढ्या दोन तासांत त्यांना आपल्या घराण्याची जी माहिती होईल, ती सहा हजार किलो सामान ठेवूनही होणार नाही.