गावच्या डॉक्टरांनी ‘पुढे दाखवा’ म्हटलं, तर



अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. असा माणूस गावच्या डॉक्टरांकडे जातो आणि वर स्वतःच सांगतो, “एक ताकदीचं सलाईन लावा.” सलाईन लागतं, दोन दिवस हुशारी वाटते, की पुन्हा तेच. थायरॉईड पाहिलं, ईसीजी काढला, सगळं ठीक. मग डॉक्टर म्हणतात, “मनाच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ.” इथे घरचे बिथरतात. आमच्या माणसाला वेडा ठरवलं!

असं काही ठरवलेलं नसतं. उदासीनतेचा आजार पुष्कळदा अंगदुखीच्या रूपानेच दवाखान्यात येतो.

जायचं कुठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. त्याचे मनोविकारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात भेटतात. पथक ठरलेल्या वारी काही ग्रामीण रुग्णालयांतही येतं. तुमच्याकडचा वार आशाताईंना विचारा.

जाताना चिठ्ठी घ्या. नुसती ‘तज्ज्ञांना दाखवा’ एवढीच चिठ्ठी आम्हा मनोविकारतज्ज्ञांना फारशी उपयोगाची नसते, हे माझ्या व्यवसायबंधूंनीही ऐकावं. त्रास कधीपासून, कोणत्या गोळ्या दिल्या, बीपी-शुगर आहे का, दारू किती, घरी सोबत कोण, हे त्यात हवं. आणि जीव द्यावासा वाटतो का, हेही. तसं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनात दाबून ठेवलेलं माणूस बोलून टाकतो.

उत्तर ‘हो’ आलं, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. तोवर माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा. रात्री-अपरात्री १४४१६ वर फोन लावा. ही टेलिमानसची सरकारी सेवा, फुकट, मराठीतही. विष पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी १०८ ची गाडी बोलवा. पोलिसांच्या भीतीने जीव देण्याचा आधीचा प्रयत्न लपवणारी घरं मी पाहिली आहेत. वेगळं सिद्ध झालं नाही, तर असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षा करत नाही. तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवू नका.

उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकते, आणि नेमक्या तिथेच गोळ्या सुटतात. त्रास झाला तर विचारा, मनाने बंद करू नका.

तज्ज्ञांकडूनही उत्तराची चिठ्ठी मागून घ्या आणि ती गावच्या डॉक्टरांना नेऊन द्या. पुढे खोकल्या-तापाचं औषध तेच देणार. चालू गोळ्या त्यांना माहीत हव्यात. सुगीत तपासणीची खेप चुकणार असेल, तर गोळ्या संपायच्या आधीच त्यांच्या कानावर घाला.