अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स

किनवटसारख्या तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं महाग पडतात. मग अख्खं पुस्तक झेरॉक्स होतं, वर स्पायरल बाइंडिंग. मुलांची अडचण खरी आहे. पण त्या पुस्तकावर हक्क कुणाचा?

1957च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत, आणि तो गेल्यावर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, कॉपीराइट टिकतो. नोंदणी केली नसली तरीही. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ 2011पासून कुणालाही छापता येते. अण्णाभाऊ साठे गेले 1969 साली. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी 2029 संपेपर्यंत संरक्षित आहे. हलाखीत लिहिणाऱ्या माणसामागे पुष्कळदा एवढीच मिळकत उरते, म्हणून हा हक्क मला फार मोलाचा वाटतो.

स्वतःच्या अभ्यासापुरती चार पानं काढायला आडकाठी नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 2016 साली अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांच्या झेरॉक्स संचांनाही मुभा दिली. परंतु जाणूनबुजून नकली प्रती छापून विकल्या, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

पुस्तक बाजारात मिळतच नसेल, तर शीर्षकपानाच्या मागे प्रकाशकाचा पत्ता असतो. परवानगी तिथं मागावी.