बिनवासाची खोली

अमेरिकेतले कित्येक धनुर्धारी शिकारी रानात घालावयाच्या कपड्यांना घरात निराळी खोली देतात, याचे आम्हांस प्रथम हसू आले. पण पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुष्कळदा माणूस दिसण्याआधी त्याचा वास लागतो. ते बिचकून हलले की बाण भलतीकडे लागतो आणि मुका जीव तडफडतो. म्हणून ही खोली स्वयंपाकघर, मोटार, तंबाखू यांपासून दूर हवी. कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन झाकणाच्या पेटीत ठेवावेत, रानात पोचल्यावरच घालावेत. ओझोनचे यंत्र लावल्यास माणसाने आत थांबू नये. तो वायू फुप्फुसांस अपायकारक आहे. इतके करूनही वारा आपल्याकडून हरणाकडे वाहू लागला, तर धनुष्य उतरवून परतावे. खोली वास कमी करते. नाहीसा करीत नाही.