साजांतलें सोनें आणि कारागिराचा हात

कोल्हापूरच्या उत्तरेस, पंचगंगेच्या बाजूला, कसबा बावडा आहे. ऊस आणि साखर यांवर वाढलेलें हें गांव आतां शहराचाच भाग झालें आहे. तरी घरांत लग्न ठरलें कीं कोल्हापुरी साजाची गोष्ट निघते आणि पावलें गुजरीकडे वळतात. हल्लीं दागिना प्रथम कागदावर, पुष्कळदां संगणकाच्या पडद्यावर, आकार घेतो. तो आकार योजणारास डिझायनर म्हणतात. त्याच्यापुढें मागणी येते ती ही, कीं साज आजीच्या साजासारखा दिसावा, पण सोनें निम्मेंच लागावें.

ही मागणी ऐकून जुन्या वळणाचीं माणसें हळहळतात. परंतु साज जवळून पाहिला म्हणजे ही हळहळ अस्थानीं आहे, असें दिसून येतें. परंपरेप्रमाणें पूर्ण साजांत एकवीस पानें : दहा दशावतारांचीं, आठ अष्टमंगलांचीं, दोन माणिक व पाचू यांचीं आणि एक डोरल्याचें. मासा, कासव, चंद्र, कमळ, बेलपान, कारलें, भुंगा असे त्यांचे आकार. आणि मधून मधून जवासारखे मणी. हीं पानें भरीव नसतात. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यास उठाव देतात व पोटांत लाख भरतात. लाखेमुळें पत्रा चेपत नाहीं आणि थोड्या सोन्यांत गळा भरून दिसतो. म्हणजे आज जिला काटकसर म्हणून नांवें ठेवितात, ती मूळच्या अनामिक सोनाराचीच युक्ति होय.

सोन्याच्या अडचणीनें खरा घाव घातला तो कारागिराच्या हातावर. १९६३ च्या जानेवारींत चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि असंख्य सोनारांची चूल विझण्याची वेळ आली. १९६६ सालीं ती अट उठली. १९९० सालीं सुवर्णनियंत्रणाचा कायदाही रद्द झाला. पण बापाकडून मुलाकडे जाणारी कला एकदां थांबली, कीं कायदा उठल्यानें ती परत येत नाहीं.

म्हणून आजच्या डिझायनरची कसोटी वजनांत नाहीं. पत्रा पातळ करण्यास हरकत नाहीं. पानें मात्र मनास येतील तशीं गाळलीं, तर दशावतार अपुरे राहतात आणि साज नुसता हार होतो. यंत्रावर ओतलेलें पान रेखीव असतें. पण ठोकलेल्या पत्र्याइतकें हलकें तें सहसा होत नाहीं. तेव्हां सोनें वांचवावयाचें, तरी ठसा ठोकणारा हात लागतोच.

बावड्याच्या घरीं साज निवडतांना वजन पाहतात, कस पाहतात, हॉलमार्कची खूणही पाहतात. आणि घासाघीस करतात ती घडणावळीवर. साज मोडला तर सोनें परत हातीं येतें. घडणावळ मात्र त्या हाताला दिलेली असते, आणि तो हात टिकला तरच पुढच्या लग्नांत साज घडेल.