पाठ ऐकताना



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, ही आपली रीत. आजही माणसे येतात. पण वंदना संपायच्या आत कुणाच्या खिशात घंटी वाजते, कुणी मांडीआड बोट फिरवत असतो, तर कुणी अख्खा पाठ मोबाईलमध्ये भरून नेतो आणि घरी कधी लावत नाही. अंग विहारात, मन भलतीकडे!

मोबाईल वाईट, असे आम्ही म्हणत नाही. हिंगणघाटचा कापसाचा भाव अल्लीपुरात घरबसल्या कळतो, ही सोय लहान नाही. पण 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि नवेच दुखणे लागले. सिनेमाला मध्यंतर असते, पुस्तकाला शेवटचे पान असते, कव्वालीच्या सामन्यालाही पहाट होते. रीलला मात्र शेवट ठेवलेलाच नाही. एक संपली की दुसरी पुढे तयारच असते, कारण तुम्ही जितका वेळ पाहाल तितक्या जाहिराती कंपनीला दाखवता येतात. फुकट म्हणतो खरे, पण किंमत आपल्या ध्यानाची जाते.

आणि हे ध्यान आपल्याला आयते मिळालेले नाही. बाबासाहेब परळच्या चाळीत राहून शिकत होते, तेव्हा घर म्हणजे एकच खोली. संसार, स्वयंपाक, अभ्यास सारे तिथेच. भीमराव लवकर झोपत, सुभेदार रामजी स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला मुलाला उठवून मग आडवे होत. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. पोराची हुशारी सगळे सांगतात. बापाचे ते जागरण फारसे कुणी सांगत नाही. ती शांत वेळ घरच्या माणसाने राखून दिली होती.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 च्या ऑगस्टमध्ये हेच गावपातळीवर केले. कोरोनात शाळा मोबाईलवर आली, शाळा उघडल्यावरही मोबाईल काही पोरांच्या हातून सुटेना. मग गावाने ठरवले, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाईल बंद. पुरुष मंडळी आधी हसली. बायांनी मात्र होकार दिला आणि मग काम चालले. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या विदर्भातल्या, पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. आम्हाला वडगावची रीत जास्त पटते. तिथे पोरासोबत बापानेही मोबाईल ठेवायचा आहे. बाप रील पाहत खाटेवर पडला, तर पोरगा पुस्तक धरील काहून?

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती सांगितली. आनापानात श्वास आत आला, बाहेर गेला, एवढेच पाहायचे. मन पळते. रागवायचे नाही, पुन्हा श्वासावर आणायचे. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात मोबाईल आधीच जमा करून घेतात. आपल्याला दहा दिवस नको, रोजचा एक तास पुरे.

म्हणून समितीपुढे आमची सूचना अशी. यंदाच्या वर्षावासात दाराशी बांबूची टोपली ठेवावी. पहिला मोबाईल समितीवाल्यांनी टाकायचा, दुसरा वाचन करणाऱ्याने. ज्याच्या घरी आजारी माणूस किंवा बाळंतपण आहे, त्याने खुशाल जवळ ठेवावा आणि बाहेर जाऊन बोलावे. पाठापूर्वी दहा मिनिटे आनापान, आणि पाठ झाल्यावर आज काय ऐकले ते एका पोराने किंवा पोरीने उभे राहून सांगायचे. चुकले तरी कुणी हसायचे नाही.

टोपली कोण देते, तेवढे आता हात वर करून सांगा.